काउंटरवरचा माणूस बोलतो का?

नाही, मला सांगा, खोलीत आवाज येतो का असं कुणी विचारलं तर माणसानं काय सांगायचं? येत असेल तर येतो म्हणूनच सांगायचं ना! तीन नंबरचा नळ गळतो, पाच नंबरच्या खिडकीमागे गाड्या रिव्हर्स घेतात आणि टींव टींव ओरडतात, मी तसं लिहिलं, तर मालक अंगावरच आले, "अरे, तू लॉज चालवतोस का पंचनामा करतोस?" आता यात माझी काय चूक? विचारलं म्हणून सांगितलं!

थांबा, नीट सांगतो. आमचं लॉज सात खोल्यांचं, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, आणि काउंटरवर मी. शाळा मी आठवीतच सोडली, आणि बोलायचं म्हणाल तर चारचौघांत मला घाम फुटतो, आत्ता तुमच्यापुढे कसा बोलतोय याचं माझं मलाच नवल वाटतंय. पण काउंटरवर एक बरं होतं, फोन वाजायचा. "खोली आहे का हो?" "आहे." "गरम पाणी?" "सकाळी." झालं! एवढंच, पण माणसाचा आवाज होता हो तो! एक काका तर दर आठवड्याला फोन करून खोलीची चौकशी करायचे आणि कधीच यायचे नाहीत, तरी मी त्यांच्या फोनची वाट बघायचो!

मग मालकांचा भाचा अवतरला. "मामा, आता फोन कोण करतंय? लोक मोबाइलमधल्या एआयला सांगतात, माझ्यासाठी हॉटेल शोध. तो एआय एका टूलमधून सगळी हॉटेलं धुंडाळतो, हॉटेलवाल्यांना प्रश्न विचारतो, उत्तरं पटली की खोली ठरवून मोकळा!" आणि त्यानं ते टूल आमच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरला जोडून दिलं. तेव्हापासून फोन मुका. नुसतं टिंग वाजतं आणि पडद्यावर प्रश्न येतो. "पाहुण्यांसाठी विचारत आहे. गादी कशी आहे?" मी लिहिलं, मध्ये खोलगट आहे, पण माणूस एकदा त्यात पडला की हलत नाही. गेला पाहुणा! "परिसर शांत आहे का?" मी लिहिलं, दुपारी इतका शांत असतो की स्वतःचंच गिळणं ऐकू येतं. तोही गेला! अहो, विचारलं म्हणून सांगितलं...

मालक म्हणाले, "एक तारखेपर्यंत खोल्या भरल्या नाहीत ना, तर दाराला आकडे दाबायचं कुलूप बसवतो. पाहुणा आपला आपण येईल, आपला आपण जाईल. मग तुझं काय काम?" माणूस वाईट नाही हो, पण मी घरी जाऊन तरी काय करणार? घरी भाऊ-वहिनी, त्यांचं त्यांचं चालू असतं, मी ताटावर बसलो काय नि उठलो काय!

भाच्याला माझी दया आली. म्हणाला, "दादा, तू स्वतःच गिऱ्हाईक हो. तुझ्या मोबाइलवरून एआयला हॉटेल शोधायला सांग, म्हणजे लोकांना काय हवं असतं ते कळेल." बसलो. तो एआय म्हणतो, "नमस्कार! तुम्हाला कशी जागा आवडेल?" तुम्हाला सांगतो, मला काय आवडेल असं आजवर चपलांच्या दुकानातसुद्धा कुणी विचारलेलं नाही! मी लिहीतच सुटलो. "सोबत किती जण?" एकटाच. "काही हरकत नाही." घ्या! वहिनी वर्षभर डोकं खातेय, "भावजी, असे एकटे किती दिवस राहणार?" आणि हा म्हणतो काही हरकत नाही! मी लिहिलं, गादी कशीही चालेल, नळ गळू दे, फक्त आलात का, जेवलात का, असं विचारणारं कुणीतरी तिथं असू दे. विचारलं म्हणून सांगितलं! तो म्हणाला, "शोधतो."

आणि तेवढ्यात काउंटरवर टिंग! "पाहुण्यांसाठी विचारत आहे. काउंटरवरचा माणूस बोलतो का?"

अंगावर काटा आला हो! माझी चौकशी करणारा पाहुणा! मी मोबाइल बाजूला सारला आणि दोन बोटांनी कॉम्प्युटर बडवत सुटलो, बोलतो! दिवसभर इथंच असतो! जरूर यावं! तिकडे मोबाइल म्हणतोय, "जागा मिळाली, ठरवू का?" मला कुठली सवड, माझा पाहुणा येतोय! हो म्हटलं आणि मोबाइल खिशात टाकला. लगेच टिंग! चार नंबर ठरली. आजच!

मग काय विचारता! चादरीला इस्त्री केली, खिडकीच्या काचा पुसल्या, दाढी केली. चादरी धुणाऱ्या मावशी म्हणाल्या, "कोण येतंय रे एवढं? मुलीकडचे का?" म्हटलं, "नाही हो मावशी, माझ्याशी बोलायला कुणीतरी येतंय."  मावशी जाताना कपाटातला नवा टॉवेल तेवढा काढून ठेवून गेल्या. आणि मी आपला आरशापुढे, "या, या... प्रवास कसा झाला? या, या..."

दिवेलागण झाली तरी पाहुण्याचा पत्ता नाही. भाचा आला, पडद्यात डोकावला आणि पोट धरून खालीच बसला. "दादा... अरे दादा, पाहुण्याचं नाव वाचलंस का?"

वाचलं. माझंच होतं.

म्हटलं, रद्द कर. तर म्हणे आजचं आज रद्द होत नाही, आणि पाहुणा आलाच नाही तर आपलं लॉज टूलच्या यादीत पार तळाला जातं. मालकांनी कपाळावर हात मारला, "मग जा! राहा एकदाचा!" राहिलो. माझी सही मीच घेतली, किल्ली मीच मला दिली आणि वर जाऊन गादीच्या खळग्यात बसलो. खोटं कशाला बोलू, जरा वाटसुद्धा पाहिली, की खालचा माणूस येईल, काही हवं नको बघेल... पण खालचा माणूस येणार कसा? तो वर येऊन बसलेला!

सकाळी एआय विचारतो, "मुक्काम कसा झाला? काउंटरवरच्या माणसाशी बोलणं झालं का?" मी लिहिलं, नाही. एक अक्षर बोलला नाही. दारावर कुणी थाप मारली नाही. मी आलो काय नि गेलो काय, कुणाला पत्ता नाही. विचारलं म्हणून सांगितलं!

आणि ते माझं उत्तर अभिप्राय म्हणून लॉजच्या नावाखाली सगळ्यांना दिसायला लागलं! वाटलं, संपलं आता, मालक हाकलणार. तर टिंग! टिंग! टिंग! "पाहुण्यांसाठी विचारत आहे. तिथे खरंच कुणी बोलत नाही ना?" अहो, कुणी आपल्याला काही विचारू नये असं वाटणारी एवढी माणसं जगात असतील याची मला कल्पनाच नव्हती! एक फिरता विक्रेता आला, बोलून बोलून घसा बसलेला. एक बाई आल्या, नातेवाइकांना कंटाळून. सातही खोल्या भरल्या! मालकांनी आणलेलं कुलूप दुकानात परत केलं आणि माझी पाठ थोपटली, "तुझी नोकरी पक्की. फक्त एक कर, तोंड उघडू नकोस!"

काल सहा नंबरचे पाहुणे किल्ली द्यायला खाली आले, वयस्कर गृहस्थ. किल्ली ठेवली, तरी हलेनात. काउंटरचा कोपरा बोटानं पुसत उभे. ते माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं... पण मागच्या खुर्चीत मालक! शेवटी तेच म्हणाले, "बरंय, येतो." मी मान हलवली. थोड्या वेळानं त्यांचा अभिप्राय आला, "माणूस भला वाटला. दोन शब्द बोलला असता, तर अजून एक दिवस राहिलो असतो."

मालकांनी वाचला आणि चष्मा वर करून मला विचारलं, "काय रे, हे असलं खोडता येतं का?"

येतं. एक बटण दाबलं की जातं. पण तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदाच... विचारलं, तरी नाही सांगितलं! तोंड उघडू नकोस म्हणाले होते ना!