पाच मिनिटं बोलायचं नाही

नाही, आता बोलायचं नाही — सांगितलं ना, पट्टा दंडाला बांधला की पाच मिनिटं गप्प बसायचं, तोंड उघडलं की आकडा वर जातो, मग तुम्हीच म्हणणार सिस्टरचं मशीन बिघडलंय. पाय जमिनीला टेकवा, मॅडम. हात टेबलावर, सैल. हं, असं. सकाळी शिपाई तुमची चिठ्ठी देऊन गेला — ‘दुपारी येते, बी.पी. बघायचं आहे’ — तेव्हापासून वाट बघतेय मी, खोटं कशाला बोलू. अकरा वर्षं तुम्ही विद्यापीठाच्या आरोग्य समितीच्या अध्यक्ष, अकरा वर्षं मी या खोलीत, आणि आज पहिल्यांदा तुम्ही माझ्यापुढे गप्प बसणार. एकशे छत्तीस. थोडं जास्त आहे, घाबरण्यासारखं नाही. जिना चढून आलात म्हणून असेल. पट्टा राहू दे, पाच मिनिटांनी परत बघू.

मी त्या प्रश्नपेटीबद्दलच बोलणार आहे — मान हलवू नका. नवी मुलं आली की मी त्यांना हॉलमध्ये बसवून तासभर सांगते, काय कशानं होतं, काय कशानं होत नाही, गोळ्या, कंडोम, सगळं, आणि मग आपण पेटी ठेवतो, नाव न घालता विचारा म्हणून. विचारतात. काय काय विचारतात, शी! एकानं विचारलं, कंडोम धुऊन दोरीवर वाळत घातला तर परत चालतो का — चिमट्यासकट चित्र काढलं होतं मेल्यानं. एकीनं विचारलं, मला गोळ्या गिळवत नाहीत, माझ्याऐवजी त्यानं घेतल्या तर चालतील का. कधी कधी पेटी उघडावीशी वाटत नाही मला. पण नाक मुरडून झालं की उत्तर द्यायचं असतं ना? एकदा वापरला की टाकायचा, बाबा. गोळी त्यानं घेऊन चालत नाही बाई, पण दुसरे उपाय आहेत, ये, सांगते. दोन ओळींचं काम. आपण काय करतो? आपण मीटिंग घेतो.

आणि मीटिंगमध्ये काय होतं, तर तुम्ही चिठ्ठ्यांना हात लावत नाही. अकरा वर्षांत एकदाही लावला नाहीत, मी बघत आलेय — नाकाला रुमाल लावून खिडकीकडे तोंड करून बसता, क्लार्क एकेक चिठ्ठी वाचतो, तो बिचारा कानापर्यंत लाल, आणि त्याचं अर्धं वाक्य व्हायच्या आत तुम्ही म्हणता, ‘पुढची.’ पुढची, पुढची, पुढची. शेवटी उरतं काय — पाळीत पोहावं का, आणि तोंडावरच्या पुटकुळ्यांना काय लावावं. सोमवारी फळ्यावर उत्तर लागतं, सकस आहार घ्या, व्यायाम करा, मन अभ्यासात ठेवा. पोरं फळ्यापुढे उभी राहून हसतात, मॅडम. मला किळस पोरांची नाही येत. त्या फळ्याची येते. त्याच्याखाली माझं नाव असतं, म्हणून माझीही येते.

नका बोलू. दोन मिनिटं राहिली.

आता एक चिठ्ठी. चार आठवडे झाले, दर आठवड्याला तीच चिठ्ठी येते, त्याच अक्षरात. क्लार्क वाचतो, ‘लघवीला जळजळ होते, अंगावरून पिवळं जातं’ — की तुम्ही पुढची. त्यानं कधी पूर्ण वाचलीच नाही तुमच्यापुढे. तो टाकतो टोपलीत, टोपली मी रिकामी करते. पुढे लिहिलंय, एकदाच झालं होतं, एकदाच झाल्यानं आजार लागतो का, आणि घरी न कळवता तपासता येतं का. बस, एवढंच. ही चावट चिठ्ठी नाही, कुणीतरी घाबरलंय. आणि उत्तर केवढं सोपं — हो, एकदाही पुरतं. साधा लघवीचा संसर्गही असू शकेल, तपासल्याशिवाय कळत नाही. अठरा पूर्ण आहेत ना, मग घरी कुणी कळवत नाही. बहुतेक वेळा गोळ्यांनी बरं होतं. पण तसंच ठेवलं, महिने काढले, तर आत गर्भाशयापर्यंत चढतं, मग मात्र जे गेलं ते गोळ्यांनी परत येत नाही.

मला कसं माहीत? नर्स आहे म्हणून? छे. माझी धाकटी जाऊ. लग्नाला चार महिने झाले होते, स्वयंपाकघरात माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ताई, असं असं होतंय, ह्यांच्यामुळे असेल का. मी तेव्हा इस्पितळात होते, मला ठाऊक होतं ते काय आहे. आणि मी काय म्हटलं? शी, म्हटलं, माझ्या दिराबद्दल असलं घाणेरडं बोलतेस? तिनं पदर तोंडाला लावला आणि पुन्हा कधी विचारलं नाही. वर्षानं ताप येऊन पडली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं ते सांगितलं. तिला मूल नाही. दीर इस्त्रीचे कपडे घालून लग्नाकार्यात मिरवतो आणि सासूबाई जाईपर्यंत तिला वांझ म्हणत होत्या, माझ्यादेखत. मी भाकऱ्या थापत ऐकून घ्यायचे. हे मी — हे मी तुम्हाला कशाला सांगितलं कोण जाणे. कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशीचं माझं तोंड आठवलं की मला थुंकावंसं वाटतं.

म्हणून म्हटलं, निवृत्तीला सात महिने राहिलेत, कुणाला घाबरायचं. दाखवतेच तुम्हाला, चारही ठेवल्यात मी, कापसाच्या डब्यात. ह्या बघा. कसं टापटिपीचं पोर असेल बघा, जुन्या छापील कागदाची पाठ, पट्टीनं कापलेला चौकोन, कोपऱ्याला भोक पाडलेलं, दोरा ओवायला. कुणाच्या तरी घरी फोनजवळ खिळ्याला गठ्ठा लटकत असणार. काटकसरीचं घर. असले चौकोन मी आणखी कुठे —

थांबा.

तुमची सकाळची चिठ्ठी. पेपरवेटखाली होती. कोपऱ्याला हेच भोक.

हलू नका, मॅडम. मशीन चालू झालंय.

एकशे अठ्ठ्याहत्तर.

तुम्ही तर एक शब्द बोलला नाहीत.

पट्टा काढते मी. पाणी घ्या. तुमची लेक यंदाच पहिल्या वर्षाला ना? इथे येते ती. दोनदा आली, डोकं दुखतं म्हणून. बाकाच्या टोकाला बसायची, भिंतीवरचा तक्ता वाचायची, मी काही विचारायच्या आत गोळी घेऊन जायची. मला वाटलं, आईसारखीच कमी बोलते. माझीही अक्कल बघा.

नाही, आता रडायचं नाही, आणि घरी जाऊन तिला उभी-आडवी घ्यायचं तर नाहीच. कोण होता, कुठे भेटला, काही विचारायचं नाही. तिनं ते विचारलेलं नाही, तिनं जे विचारलंय तेवढ्याचं उत्तर द्यायचं. थांबा, लिहिते. ह्या चिठ्ठीच्याच खाली जागा आहे. ‘एकदाही पुरतं. उद्या सकाळी नऊला ये, मी एकटीच असते. कुणाला कळणार नाही. बरं होतं.’ झालं, दोन ओळी. ही घरी न्या आणि त्या दोऱ्यात सगळ्यात वर ओवा, फोनजवळ. तुम्ही ओवलीत हे तिला कळेल. कळू दे.

घ्या ना. मी धरून उभी आहे. रुमाल ठेवा तो बाजूला.

हात लावल्यानं काही होत नाही, मॅडम. दरवर्षी हॉलमध्ये सगळ्यात आधी मी तेच सांगते. या आता, बाहेर पोरं खोळंबलीत.