डबल बेल

...आणि वर घरचे मलाच विचारतात, "तू आधी का नाही बोललीस?" आता तुम्हीच सांगा, लग्नाला जेमतेम तीन महिने, पंख्याचं बटण कुठलं नि दिव्याचं कुठलं हे अजून कळत नाही, तिथे मी बोलायचं? मी आपली काही बोलत नाही.

तर सासरे. तीस वर्षं बसचे कंडक्टर. हल्ली जरा विसरतात, दोनदा तोल जाऊन पडले, एकदा शेजाऱ्यांच्या सोफ्यावर बसून त्यांनाच "या" म्हणाले... झालं, सासूबाईंनी त्यांचं एकट्याने फिरणं बंद केलं. डेपोतल्या मित्रांचा कट्टाही गेला. डॉक्टर म्हणाले, महिनाभर चष्म्यातला व्यायाम करू, शेवटच्या चाचणीत पास झाले तर सोडा एकटं. चष्मा कसला, डोळ्यांवर डबाच तो, आत खोटी नदी, खोटा पूल, आणि बाहेर बाबा सतरंजीवर पाय उचलतायत. नेणार कोण? मीच.

व्यायामवाल्या ताई म्हणाल्या, "आजोबा, पाऊल बरोबर पडलं की एक घंटी, चुकलं की दोन." पहिलं पाऊल झकास. टिंग. बाबा थांबले. थांबले ते थांबलेच, ताई "चला, चला" करतायत, बाबा ढिम्म. वेळ संपली म्हणून यंत्राने चूक धरली, टिंग टिंग, की बाबा तरातरा निघाले ते थेट नदीत. ताईंनी लिहिलं, 'सूचना समजत नाहीत.' असे चार आठवडे. मी काही बोलले नाही.

चाचणीला आमचे हेही आले. "बाबा, लक्ष द्या ना जरा." टिंग. बाबा थांबले नि पुटपुटले, "सावकाश उतरा, घाई नको."

आणि माझ्या डोक्यात लख्ख. अहो, सिंगल बेलला गाडी थांबते, डबल बेलला सुटते, तीस वर्षं हाडात मुरलंय ते. म्हटलं, "ताई, घंट्या उलट करा." माझा आवाज मलाच नवा वाटला.

मग काय विचारता, टिंग टिंग, पाऊल, टिंग टिंग, पाऊल, खोट्या माणसांना "पुढे सरका" करत पूल पार, तोल असा की दांडीला हात नाही. पास. कट्टा परत.

फक्त एक झालंय. आमच्या यांना दारावरची बेल दोनदा वाजवायची सवय. रोज संध्याकाळी हे आत येतात आणि बाबा चपला घालून बाहेर पडतात.

मी काही बोलत नाही.