दिवे जळेस्तोवर

माझं माहेर शिरूर अनंतपाळच्या अलीकडचं, सासर भोकरकडं, अन् आता उतरत्या वयात हितं उदगीरला लेकीजवळ खोली करून राहून राहिले. काय सांगू ताई तुम्हाला, मधली सात वर्षं तर मी इस्रायलात होते. मालक टेंपो उलटून गेले तवा माझी पूजा चार वर्षांची. मग लातूरला दवाखान्यात आयाचं काम धरलं, म्हाताऱ्यांचं हागणं-मुतणं काढून काढून हात बसला, तवा कुणीतरी म्हणलं तिकडं ह्याच कामाला बाया पाहिजेत. पूजा चौदाची झाली, तिला धाकट्या बहिणीच्या वटीत घातलं अन् गेले. गेले म्हंजे गेलेच.

तुम्ही विचारलं ना, डिसेंबर सरत आला की ह्या बाईच्या खिडकीत आठ दिवस दिवे काहून, तर ते तिकडचं. मी जिला सांभाळायचे ती आज्जी ज्यू, पण आपल्याकडचीच, मूळ रेवदंड्याची. तरणीताठी असताना नवऱ्यासंगं तिकडं गेलेली, मराठी बोलायची, म्हणून तर तिच्या लेकानं मला ठेवून घेतलं. चाकाच्या खुर्चीत बसून असायची. जीभ लई तिखट. माझ्या हातची भाकर खायची अन् म्हणायची, तुझ्या हाताला मुताचा वास येतो गो. आता ते मूत कुणाचं? तिचंच की.

त्यांचा हनुक्का म्हणून सण असतो थंडीत. त्यांच्या जुन्या मंदिरात एकदा एका दिवसापुरतं तेल होतं ते आठ दिवस पुरलं, म्हणून आठ दिवस दिवे. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढवत जायचं. अन् एक वेगळा, बाकीचे पेटवायला. त्याला ते नोकर म्हणतात. आज्जी माझ्याकडं बोट करून म्हणायची, तो तू. हसायची वरून. लेक अन् सून त्याच गावात, पण आठ दिवसांत एक दिवस फिरकायचे न्हाईत, मग तो राग कुणावर निघणार? माझ्यावर.

एक मात्र हाय, दिवे जळेस्तोवर बाईमाणसानं काम करायचं न्हाई. अर्धा घंटा. नुसतं बसायचं, दिवे बघायचे. सालभरात मला तेवढीच फुरसत.

त्या साली पूजाचं लग्न ठरलं. आज्जी आधी हाव म्हणली, जा पंधरा दिवस. मग तारीख हनुक्क्यात आली तशी फिरली. माझे दिवे कोण लावणार, म्हणली, अन् लेकाला सांगितलं ही गेली तर परत घेऊ नको. मी पाया पडले हो तिच्या. ती म्हणली, पाय नको ओढू, दुखतात.

न्हाई गेले. बहिणीनं अन् तिच्या मालकानं कन्यादान केलं. ठरलं असं की मी मोबाईलवर बघायचं. मुहूर्त आपल्या सांजच्या साडेसहाचा, म्हंजे तिकडं दुपारचे तीन, तवा आज्जी झोपलेली असते. पण आपली वरात तुम्हाला ठाऊकच हाय, नवरदेवाचे दोस्त डीजेपुढून हलेनात, दोन घंटे गेले. अक्षता पडायची वेळ आली अन् तिकडं मी नुकतेच दिवे लावलेले, सहाव्या दिवसाचे.

मंगलाष्टक सुरू झालं अन् आज्जी म्हणली, मला संडासला ने. मी म्हणलं, दिवे जळून राहिलेत. ती म्हणली, अगो, हे काम त्यात धरत न्हाईत. आदल्याच सांजंला मी कप विसळायला उठले तर तिनं हातावर काठी हाणली होती, वळ तसाच होता. मी तो वळ दाखवला अन् म्हणलं, तुमचाच हुकूम हाय, आज्जी. ती विनवायला लागली, रडायला लागली. मी मोबाईलचा आवाज वाढवला. माझी पूजा हिरव्या शालूत, अंतरपाटाआड मान खाली घालून. मी इकडं अक्षता टाकल्या, मोबाईलवर. खुर्चीखालून ओलं वाहत माझ्या पायाशी आलं. मी पाय वर घेतले.

त्यात मला चूक वाटत न्हाई, खरं सांगते. पण दिवे विझले ना ताई, तरी मी उठले न्हाई. सात पावलं झाली, पूजा माझ्या बहिणीच्या गळ्यात पडून रडली, ते सगळं बघून मग उठले. आज्जीला धुतलं, पुसलं, सुकं नेसवलं. ती गारठली होती. हळूच म्हणली, पोरगी कशी दिसत होती गो, दाखव की.

मी न्हाई दाखवली. मोबाईल कमरेला खोसला अन् फरशी पुसत बसले.

त्यानंतर तिनं काठी उचलली न्हाई, अन् काही मागितलं बी न्हाई. मीच घंट्या-घंट्याला विचारायचे, जायचं का? ती नुसती नको म्हणून मान हलवायची. पुढच्या हनुक्क्याआधी गेली.

पूजा सुखात हाय, तिला लेक झाली, माझं उरलंसुरलं आयुष्य त्या दोघींना लागो. ती म्हणते, आई, आपला सण न्हाई, काहून लावतीस? मी लावते अन् हात मांडीवर ठेवून बसते. अर्ध्या घंट्यानं विझतात. विझले की मी उठते ताई, लगेच. एक घडी बी जास्त बसत न्हाई.