यांच्यासाठी केलेला सपोट्याचा मिल्कशेक

आमी मूळचे कुठले म्हणून विचारता ताई, तर काय सांगू तुमाला, घरात मराठी बोलतो एवढंच आमचं मूळ. माझ्या आजोबांचे आजोबापण इथलेच, या कानडी मुलखातले, कुणी म्हणतं त्याच्या आधी साताऱ्याचे, कुणी म्हणतं कोल्हापूरचे, मी दोन्ही बघितलं नाही. तुमी पुण्याच्या, वरच्या मजल्यावर राहायला आलात तेव्हा माझं बोलणं ऐकून हसलात, मला राग नाही आला, स्वल्प आला, खोटं कशाला सांगू. बसवनगुडीत जन्मले आणि बसवनगुडीतच दिली, माहेर ते सासर चालत जायचं, म्हणून रुसण्याची पण सोय नव्हती, सकाळी रुसून गेले तर दुपारी वडीलच हाताला धरून परत आणून सोडायचे.

सासूबाई कडक, पण मनानं वाईट नाही. त्यांनी शिकवलं, नवरा जेवून उठला की त्याच्याच पानावर आपण बसायचं, आधी बसायचं नाही, बरोबर बसायचं नाही. शेजारच्या जयम्मा अक्का कानडी, त्यांच्यातपण जुन्या बायका तसंच करायच्या, त्या एंजलु म्हणतात, आमी उष्टं म्हणतो, गोष्ट एकच. सासूबाई गेल्या, केळीची पानं जाऊन स्टीलची ताटं आली, मुलगी सुमन मोठी होऊन मला हसायला लागली, अम्मा हे काय गं म्हणायची, पण माझी सवय काही गेली नाही. यांच्या आधी घास तोंडात घातला तर तो उतरायचाच नाही, काय करणार.

हे म्हणजे सुमनचे अप्पा, नाव नाही घेत मी, आता घेतलं तर कोण रागावणार आहे, तरी नाही घेत. जयनगरला एका बेकरीत भट्टीवर होते. पहाटे जायचे आणि दुपारी यायचे ते अंगाला लोण्याचा आणि वेलचीचा वास घेऊन यायचे, आंघोळ केली तरी तो वास जायचा नाही, शर्ट धुतला तरी नाही. मोडलेली बेण्णे बिस्किटं कागदात बांधून आणायचे, बेण्णे म्हणजे लोणी, तोंडात घातलं की विरघळतं ते बिस्कीट. मी घरी साड्यांना फॉल लावायची, ब्लाउज शिवायची, मशीनवर बसले की हे हळूच एक तुकडा मशीनच्या पाट्यावर ठेवून जायचे. मी म्हणायची तुमी खाल्लं काय, तर म्हणायचे अगं दिवसभर तेच तर बघतो, बघूनच पोट भरतं. असे थट्टेखोर.

मग एक दिवस डोसा घशात अडकला म्हणाले. मी म्हटलं घाई करता, सावकाश खा. मग चपाती अडकायला लागली, मग भात, तेव्हा सुमननं दवाखान्यात नेलं, आणि डॉक्टर मला बाहेर बसवून तिच्याशीच बोलले, तेव्हाच मला कळलं. अन्न जातं त्या नळीत गाठ होती, वाईट जातीची. ऑपरेशन होण्यासारखं नाही म्हणाले, पातळ द्या, ताकद येईल असं द्या, जेवढं पोटात जाईल तेवढे दिवस. तेवढं एकच माझ्या डोक्यात राहिलं, जेवढं पोटात जाईल तेवढे दिवस. म्हणजे माणूस माझ्या हातात होता की नाही, सांगा.

गंजी केली, म्हणजे तांदळाची पेज, नको म्हणाले. रागीचं आंबील केलं, दोन घोट घेऊन तोंड फिरवलं. तेव्हा सुमन म्हणाली, अम्मा, ज्यूसच्या दुकानात मिल्कशेक करतात तसं कर, त्यात बिस्कीट घाल, अप्पांना आवडेल. मग मी सपोटा आणला, तुमी चिकू म्हणता तो, अगदी मऊ झालेला. साल काढली, बिया काढल्या, दूध, साखर, वर बेण्णे बिस्किटाचा चुरा, सगळं एकदम मिक्सरमध्ये टाकून फिरवलं. कॉटवरून ओरडले, ओरडले म्हणजे काय, आवाज राहिलाच कुठं होता, अगं बिस्कीट असं गार दुधात घालतात काय, गुठळ्या होतील, आधी गरम दुधात भिजव, खीर झाल्यासारखं झालं की गार कर, मग फळ घाल. मी म्हटलं भट्टी तुमची, स्वयंपाकघर माझं. पण गुठळी अडकली आणि ठसका लागला तो काही केल्या थांबेना. त्यानंतर ते सांगतील तसंच. बिस्कीट भिजवायचं, गार करायचं, मिक्सरमधून काढायचं, मग पातळ मलमलच्या फडक्यातून गाळायचं, सपोट्याचा कणपण राहता कामा नये. करंट गेला की मिक्सर बंद, आणि करंट तर रोज जायचा, मग चाळणीवर हातानं घासायचं आणि रवीनं घुसळायचं. बेकरीचे मालक चांगले होते, बिस्किटं पाठवायचे, आता मोडकी नव्हे, अख्खी.

पहिल्यांदा नीट झालं तेव्हा पेला हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाले, सरी, म्हणजे बरं जमलं, आता भट्टीवर तुला ठेवायला हरकत नाही. हसलो आमी दोघं. मला वाटलं, देवा, मिळालं औषध.

पण काय सांगू तुमाला, अर्धाच पेला प्यायचे. अर्धा झाला की पुरे म्हणून खाली ठेवायचे. मी म्हणायची अजून एक घोट घ्या, माझ्यासाठी घ्या, देवासाठी घ्या, तर मान हलवायचे. मी आत जाऊन रडायची, आणि उरलेलं टाकायचं कसं, यांच्या तोंडाचं, म्हणून मी प्यायची, आणि तेवढंच माझं जेवण असायचं, कारण जो माणूस भात गिळू शकत नाही त्याच्यासमोर मी भात कसा खाणार. भांडंच चढवलं नाही मी. पेला तेवढाच करायची, जास्त केलं तर नासतं. मला वाटायचं रोग वाढतोय, जागा राहिली नाही आत. जयम्मा अक्कांनी देवळात नवस बोलला, मी पण बोलले, एकदा पूर्ण पेला पिऊ दे म्हणून.

एके दिवशी मी शिवलेलं द्यायला गेले होते, सुमन तिच्या सासरहून आली होती, तिनंच करून दिला. परत आले तर ती दारातच उभी, डोळे लाल. म्हणाली, अम्मा, मी अप्पांना म्हटलं संपवा, राहिलंच किती, तर म्हणाले ते तुझ्या अम्माचं आहे, मी ठेवलं नाही तर ती काय खाणार, ती दुसरं काही खात नाही, मला इथून स्वयंपाकघर दिसतं.

मी तिथंच बसले, उंबऱ्यावर. ताई, मी मागत होते या माणसानं पोट भरून प्यावं म्हणून, आणि तो भुकेला राहत होता माझ्यासाठी. जेवढं पोटात जाईल तेवढे दिवस, आणि त्यातले अर्धे मला देत होता. कुणाला सांगू हे? नवस तरी कुणाला फेडू?

त्याच संध्याकाळी दोन पेले केले. कॉटजवळ स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, हा तुमचा, हा माझा. म्हणाले, आधी तू पी. जन्मात कधी यांच्या आधी तोंडाला काही लावलं नव्हतं, लाज वाटली, सासूबाईंच्या फोटोकडे बघवेना. पण प्याले. माझा पेला रिकामा झालेला बघितला, मग हळूहळू, थांबत थांबत, आपला सगळा संपवला. ओठाला फेस लागलेला, मी पदरानं पुसला. असे दिवस थोडेच मिळाले. मग पाणीपण उतरेना, सलाइन लावलं. तरी मला खुणेनं सांगायचे, कर. मी म्हटलं कुणासाठी करू, तर माझ्याकडे बोट. मग मी करायची आणि यांच्यासमोर बसून एकटीच प्यायची, आणि हे माझ्या गळ्याकडे बघत राहायचे, घोट उतरतो की नाही बघायला. विचारायचे, सपोटा गोड आहे काय. मी म्हणायची, गोड आहे. कसला गोड, डोळ्यातलं पाणी पेल्यात पडत होतं. पण एक थेंब ठेवला नाही मी.

गेले ते. झाली आता चार-पाच वर्षं. सुमनचं बरं चाललंय, नातू आहे, मी अजून फॉल लावते, डोळे दगा देतात पण लावते. भूक लागली की जेवते, कुणासाठी थांबायचं? आयतु, झालं माझं. तुमचं लग्न ठरलंय म्हणालात, म्हणून सांगते ताई, मोठी आहे मी, ऐका. दोघं एकदम बसा जेवायला, समोरासमोर, पहिल्या दिवसापासून. त्यानं आधी नको, तुमी मागून नको. देव तुमाला तेवढं देवो.