चावलं कोण, ते आधी ऐका

...आणि वर मलाच विचारतात, ‘पण तुम्हाला गरज काय होती तिकडे जायची?’ अहो, गरज काय म्हणजे? डॉक्टरांनी साखरेसाठी रोज पाऊण तास चालायला सांगितलंय, आणि नाशिक रोडला आमच्या कॉलनीमागे चालण्यासारखा रस्ता एकच, उसाच्या मळ्यातून जाणारा, मग मी काय गच्चीवर घिरट्या घालू? तुम्हाला सांगते, मी मळ्यातूनच जाणार.

ह्याच वर्षीची, अठ्ठ्याण्णवची गोष्ट. त्या आठवड्यात बिबट्याची आवई उठली, कॉलनीच्या फळ्यावर सूचना लागली, आमचे हे म्हणाले, ‘मंजू, आठ दिवस राहू दे ना.’ समोरच्या प्रतिभाताई म्हणाल्या, ‘बिबट्याचं सोडा, तिथे तो कोयतेवाला फिरतो, त्याचे डोळे बघितलेत का?’ आता डोळे बघायचे तर जवळ जायला हवं, आणि ह्या बाई कोपऱ्यावरच्या दुधालाही रिक्षा करतात... पण खरं सांगते, त्या कोयतेवाल्याला मीही घाबरायचे. दाढी वाढलेली, हातात कोयता, तोंडातून शब्द नाही. म्हणून काय घरात बसू? मळ्यातूनच जाणार.

तर सकाळची वेळ, चांगलं उजाडलेलं, मी हात हलवत भराभर चालतेय, आणि वळणावर पाटाच्या कडेला बसलेला. बिबट्या. मांजर पायरीवर बसतं ना, तसा. मागे पळावं म्हणून मान वळवली, तर मागे कोयतेवाला. सांगा आता, कुठे जायचं माणसाने? आणि डोक्यात काय, तर गॅसवर दूध ठेवून आलेय का मी... असलंच सुचतं हो तेव्हा.

तेवढ्यात तो माणूस अगदी हळू म्हणाला, ‘बाई, पळू नका. वाकू नका. त्याच्याकडं तोंड ठेवून एकेक पाऊल मागं या. मी हाय.’

मी सरकत सरकत त्याच्यापर्यंत आले, तो माझ्यापुढे उभा राहिला, बिबट्याने आम्हा दोघांकडे बघून जांभई दिली, उठला, उसात गेला. संपलं. पुंजा नाव त्याचं, उसाला पाणी द्यायला असतो. म्हणाला, ‘डुकरामागं येतो तो. माणसाशी त्याचं काय काम नाय.’ मग मला सोडायला कॉलनीच्या फाटकापर्यंत आला, वाटभर लेकीचं सांगत होता, वणीला दिलीय तिला, आणि मला इतकी लाज वाटली... वर्षभर ह्या माणसाला बघून मी झपझप पावलं उचलत होते.

आणि फाटकात काय? प्रतिभाताईंचा टफी. पांढरा, वीतभर, बिबट्याच्या भीतीने राखणीला नुकताच आणलेला. पुंजाला बघून तो भुंकत सुटला, ताई गॅलरीतून ‘चोर, चोर’ करायला लागल्या, मी मध्ये पडून म्हटलं, ‘अहो, चोर कसला, ह्यांनी वाचवलं मला,’ तोवर टफीने माझी पोटरी धरली. धरली म्हणजे सोडेचना. शेवटी पुंजानेच त्याला मानेला धरून उचललं. आणि ताई काय म्हणाव्यात? ‘एरवी काही करत नाही हो तो, घाबरला असेल.’ अहो, बिबट्यासमोर मीही घाबरले होते, मी चावले का कोणाला?

पोटात चौदा इंजेक्शनं. आणि कॉलनीत विचारा, सगळे छातीठोकपणे सांगतात, मंजूताईंना बिबट्याने धरलं. मी पोटरी दाखवते, एवढेएवढे दात दाखवते, म्हणते, बिबट्या असता तर पाय उरला असता का? तर म्हणतात, ‘पिल्लू असेल.’

म्हणजे मी थांबले असं वाटलं की काय तुम्हाला? इंजेक्शनं संपली आणि दुसऱ्या दिवशी बाहेर पडले. बिबट्या असेल तर असू दे, पुंजा दिसला की रामराम करते, मळ्यातूनच जाते. फक्त फाटकातून नाही जात... तिथे टफी असतो ना. मागच्या कुंपणाची तार पुंजाने जराशी वाकवून दिलीय, ह्या वयात पदर खोचून, वाकून, निघते आपली तिच्यातून.