रत्नागिरीत कुणालाच भूक नव्हती

सन्माननीय अध्यक्ष आल्हादराव, व्यासपीठावर विराजमान उपाध्यक्ष विनोदिनीताई, आपल्या मराठी मंडळाचे सर्वांत ज्येष्ठ सभासद तात्या, आजच्या सत्कारमूर्ती सुनंदाताई, त्यांना न्यायला रत्नागिरीहून आलेली लेक गौरी आणि जावई तुषारराव, आणि स्वयंपाकघराकडे डोळे लावून बसलेल्या बंधुभगिनींनो,

घाई करू नका. सव्वीस वर्षांत प्रथमच मंडळाचं जेवण बाहेरच्या हलवायानं केलंय, कारण रोज करणाऱ्या ताई आज हार घालून इथे बसल्या आहेत. तेव्हा माझं भाषण लांबलं तर तुमचं नुकसान काहीच नाही.

ताई परवाच्या गाडीनं कायमच्या रत्नागिरीला चालल्या. गौरीची तिथे खानावळ आहे, तिच्या हाताखाली काम करणार म्हणतात. लेकीच्या हाताखाली! अध्यक्षांनी मला सकाळी फोन करून बजावलं, "प्रभाकरजी, गौरव करा, बस. जुनं उगाळू नका." मी हो म्हटलं. पण परवानंतर ते बोलायचं कुणाजवळ?

मागच्या सिंहस्थाच्या वर्षी गौरीचं लग्न तुषाररावांशी ठरलं. ताईंनी स्वागत समारंभासाठी हाच हॉल मागितला. बेत श्रीखंड-पुरीचा होता, करणार ताईच होत्या. आपण नकार दिला. का, तर मुलाकडची माणसं समुद्राकाठची, मासे खाणारी. घरी खाणारी हां, इथे नाही! तरी अशी पंगत क्षिप्रेकाठच्या आपल्या पवित्र वास्तूत बसू नये, असं कार्यकारिणीनं एकमतानं ठरवलं. सचिव या नात्यानं पत्र मी लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे, सगळे म्हणतात. समारंभ गावातच फ्रीगंज भागात कुणाच्या तरी गच्चीवर झाला. दुसऱ्या दिवशी मंडळात सत्यनारायण होता. ताई वेळेवर आल्या आणि त्यांनी शिरा केला. मी दोनदा घेतला.

आता रत्नागिरी. गेल्या फेब्रुवारीत आपली सहल गेली, एकतीस जणांची. बाहेरचं खायला लागू नये म्हणून आपल्या शिरस्त्याप्रमाणे स्वयंपाकाला ताई सोबत. पहिल्या दिवशी लॉजच्या मागच्या अंगणात एकतीस माणसांचं पिठलं-भात झालं आणि सगळे जेवले. दुसऱ्या दिवसापासून मात्र मंडळींची भूक गेली. कुणाचं पोट जड, कुणाला प्रवास बाधला, कुणाला म्हणे एकट्यानं समुद्र बघायचा होता.

मलाही बघायचा होता. मी लांबचा रस्ता धरून मिरकरवाड्याच्या बंदरापाशी चार टेबलांच्या एका खानावळीत शिरलो. तिथे तात्या बसलेले. समोर ताटात बांगड्याचे दोन साफ केलेले काटे. मला बघून म्हणाले, "सोलकढी प्यायला आलो रे. पित्ताला चांगली असते." मी म्हटलं, "हो ना तात्या, मीही त्यासाठीच." आणि सुरमई मागवली.

संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर एका गाडीशी विनोदिनीताई भेटल्या. हातात कोळंबी. म्हणाल्या, "अहो, मी भजी समजून घेतली." दुसरी प्लेट कशी समजून घेतली, ते मी विचारलं नाही. अध्यक्षांची गोष्ट निराळी, ते पदाला शोभेलशा एसी हॉटेलात गेले. फॅमिली रूमचा पडदा ओढलेला होता, आतून फक्त खेकडा फोडल्याचा आवाज येत होता. हसू नका, मी त्या हॉटेलात काय करत होतो ते अध्यक्षांनीही आजवर विचारलेलं नाही. त्या शहरात घावण्यांची दुकानं आहेत, मिसळीची आहेत, बेकऱ्या आहेत, घरगुती खानावळी गल्लोगल्ली आहेत. दोन दिवसांत आपण सगळ्या पालथ्या घातल्या, फक्त एकेकट्यानं!

आणि ताई? दुसऱ्या दिवशी त्यांनी पंधरा माणसांचा भात लावला. तिसऱ्या दिवशी चौघांचा. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. मी सचिवाच्या थाटात विचारलं, "ताई, आज पातेलं लहान दिसतंय?"

त्या म्हणाल्या, "समुद्राच्या हवेनं भूक मरते म्हणतात." मग अर्धं लिंबू माझ्या हातावर ठेवलं. "आधी याने हात धुवा, मग पानावर बसा."

चौथ्या दिवशी रविवार होता. दुपारचं जेवण गौरीकडे, असं ताईंनी सांगितलं. काय सांगू, ज्यांचं पोट बिघडलं होतं त्यांनी सकाळचे पोहेसुद्धा सोडले. सगळ्यांना अंदाज होता. लेकीची खानावळ, बंदरावरची ताजी मासळी, आता घरचंच म्हटल्यावर लपवायचं काय?

दाराशी फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, आज मासे नाहीत. तुषारराव उंबऱ्याशी उभे राहून नेहमीच्या गिऱ्हाइकांना हात जोडून परत पाठवत होते. आत ओल्या काजूची उसळ, आंबोळ्या, वरण-भात आणि मोदक. गौरी माझ्याजवळ आली नि म्हणाली, "काका, भांडी सगळी नवीन आहेत. दोन दिवस स्वयंपाकघर धुतलंय. तुम्ही निर्धास्त जेवा."

एकतीस माणसांपैकी एकाचीही तिला खरं सांगायची हिंमत झाली नाही. आपण मान खाली घालून जेवलो. जी माणसं आमच्या दारात नकोत असं मी वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ती आमचं सोवळं जपायला रविवारचा धंदा बंद करून उभी होती. आणि ते सोवळं आम्ही दोन दिवस गावभर कुठे कुठे सांडून आलो, ते वाढणाऱ्या ताईंना पक्कं ठाऊक होतं. तुपाची धार माझ्या भातावर त्यांनी नेहमीपेक्षा जास्तच धरली. त्या दिवशी मला माझी लाज वाटली. आजही वाटते.

अध्यक्ष घड्याळ बघताहेत. आवरतो. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मधे कुणी उठून गेलं नाही, याबद्दल आभार. भाषण संपवताना वक्त्यानं बोलण्यातल्या उणिवा पोटात घाला म्हणायचं असतं. बोलण्यातल्या उणिवा तुम्ही खुशाल मोजा. मंडळाच्या वतीनं मी काही म्हणू शकत नाही, तसा ठराव झालेला नाही. माझ्या वतीनं म्हणतो. गौरी, तुषारराव, मी चुकलो. माफ करायचं नसेल तर तेही बरोबरच आहे.

आणि ताई, इतकी वर्षं तुमच्या हातचं जेवत राहिलो आणि एवढं एक वाक्य बोललो नाही, त्याची तुमच्याजवळ वेगळी माफी मागतो.