आजच्या मुख्याध्यापिका

कारकून : अहो बाई, तिसऱ्यांदा सांगतोय. अनुभवाच्या दाखल्यावर तुमचीच सही चालत नाही. मुख्याध्यापकांची आणा.

बाई : आणि मीही तिसऱ्यांदा सांगते. आमच्या शाळेत शिक्षिका मी, मुख्याध्यापिका मी, घंटासुद्धा मीच बडवते.

कारकून : म्हणजे आपली पाठ आपणच थोपटायची! नियमात बसत नाही.

बाई : बावीस वर्षं शिकवलंय, ते बसतं का?

कारकून : कागदावर आलं की बसेल. शिक्षक-परवान्याच्या नूतनीकरणाची आज शेवटची तारीख. पाचला खिडकी बंद, की परवाना रद्द. मलाही वाईट वाटतं हो.

बाई : परवाना रद्द म्हणजे शाळेला कुलूप. एकोणीस मुलं आहेत माझी.

कारकून : माझे हात बांधलेत, बाई.

बाई : ते सोडवायलाच आलेय. हा घ्या दाखला.

कारकून : (चष्मा पुसून पुन्हा लावत) ही सही तुमची नाही. कोणाची?

बाई : आमच्या मुख्याध्यापिकेची.

कारकून : आत्ता तर म्हणालात, तुम्हीच आहात!

बाई : आज नाही. आज मी रजेवर आहे, बावीस वर्षांत पहिल्यांदा. रजा घेतली की तुमचंच कार्यालय बदली शिक्षिका पाठवतं. आणि एकशिक्षकी शाळेत जो हजर, तोच...

कारकून : ...प्रभारी मुख्याध्यापक. नियम चौदा.

बाई : पाठ आहे की!

कारकून : आणि ह्या बाई नोकरीत कधीपासून?

बाई : आज सकाळी साडेदहापासून.

कारकून : अर्ध्या दिवसाच्या बाईंनी बावीस वर्षांचा दाखला दिला?

बाई : घाबरली होती पोरगी. मी किल्ली द्यायला गेले, तर म्हणते, "मी तुम्हाला ओळखतही नाही, सही कशी करू?" मग मुलांनी कपाटातून बावीस हजेरीपट काढून तिच्यापुढे मांडले. एकेक पान उलटलं तिनं. मगच सही केली.

कारकून : बसतंय हो. चक्क नियमात बसतंय!

बाई : मग हसताय काय? शिक्का मारा.

कारकून : हा मारला! पाच वर्षं आता कुणी हात लावत नाही तुम्हाला. हा नियम चौदा मीच टाइप केला होता, बाई. पण असा कधी वाचला नाही.

बाई : वाचायला शिकवणं हाच तर माझा धंदा आहे.

कारकून : जिंकलात. आता घरी जाऊन मस्त ताणून द्या, रजा आहे.

बाई : छे! शाळा सुटायला अजून दोन तास आहेत. मागच्या बाकावर जाऊन बसते. त्या वर्गात दुसरं कुणी शिकवताना मी कधी ऐकलंच नाही.